ताराबाईंचा अर्जुन

अंगी औषधी गुण असणे, ही कोणत्याही झाडाच्या प्रकृतीला अत्यंत घातक गोष्ट आहे. आमच्या गावी ताराबाई ढमाल्यांच्या परसात, नदीच्या अंगाला, त्यांच्या वडिलांनी लावलेला एक अर्जुन आहे. पाखरं सोडली तर त्याला कुणी विचारत नसे. तब्येत उत्तम होती.

मग दत्तू शिळीमकराच्या छातीत धडधडू लागलं. विष्णुपंत वैद्यांनी त्याला अर्जुनाच्या सालीचा दुधातला काढा सांगितला. शिवाय तंबाखू सोड, आणि साल रोज स्वतः चालत जाऊन आण, असंही बजावलं. दत्तूला गुण आला. श्रेय एकमताने सालीला देण्यात आलं. (तंबाखूची बाजू मांडायला कुणी हजर नव्हतं.)

त्यानंतर ज्यांना हृदयाचा त्रास होता ते आले. पाठोपाठ, ज्यांना हृदय असल्याचं गावात कुणी ऐकलं नव्हतं, ते सोसायटीचे चेअरमनही आले. काढा गुडघ्यांना लागू पडला, टकलाला लागू पडला. एका घरी तर सुनेच्या बोलण्यालाही उतार पडला म्हणतात. हात पोचेल तिथवर झाड सोलून झालं, तेव्हा ग्रामपंचायतीची शिडी आली आणि हे कार्य सार्वजनिक झालं.

झाडाची पानं गळू लागली. ताराबाईंनी उघड्या खोडाला शेणमाती लिंपली आणि काठी घेऊन बुंध्याशी बसल्या.

"बाजूला व्हा, मावशी," चेअरमन म्हणाले. "लोकांचं औषध अडवताय. झाड काय तुमच्या बापाचं आहे?"

"बापाचंच आहे मेल्या! लावलंय त्यानं!"

हा मुद्दा चेअरमननी तांत्रिक म्हणून फेटाळला आणि शिडीवर पाय ठेवला. ताराबाईंनी एकदा झाडाकडे पाहिलं. आयुष्यात खोटं न बोललेली बाई ती, पण म्हणाली, "घ्या बाबांनो, न्या. पण हा अर्जुन नाहीच. दिसायला तसाच, पण रानातला साधा ऐन आहे. तुम्ही एवढे शहाणे, म्हटलं कळलं असेल!"

चेअरमन पायरीवरच खाली बसले. "तरीच! सकाळपासनं डावीकडे दुखतंय!"

तासाभरात सगळ्या गावाचे गुडघे परत आले. टकलावर उगवलेले केस, जे फक्त मालकालाच दिसत होते, ते त्यालाही दिसेनासे झाले. दत्तू तेवढा ठणठणीत राहिला. ही बातमी त्याला कुणी सांगितलीच नव्हती.

पावसाळ्यानंतर अर्जुनाला नवी पालवी आली. त्याच आठवड्यात विष्णुपंत परसात आले, इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, "ताराताई, मला ओळखता येतं हो झाड. जरा धाप लागते हल्ली. बोटभर साल..."

"तुम्हीच सांगितलेलं करा की, पंत. चाला!" ताराबाईंनी त्यांना नदीपर्यंत चालवत नेलं आणि रिकाम्या हाताने परत आणलं. आता रोज नेतात. पंतांची धाप कमी आहे.

गावाचं नाव मी मुद्दाम दिलेलं नाही. आणि तुम्ही, छातीवरचा हात काढा आधी. या ओळीपर्यंत तिथे काहीही होत नव्हतं.