धडा कंपनीला, फी आम्हाला

दुपारी दीड वाजता लॉवेल टटलने काउंटीचं, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारचं, पाकीट फोडलं आणि तो असा ओरडला की त्याची बायको डार्लीन झाडू उगारूनच बाहेर आली.

"कुठंय?" तिने विचारलं. मागच्या तळ्यातली मगर पुन्हा गॅरेजमध्ये शिरली, असं तिला वाटलं होतं.

"मगर नाही. घरपट्टी. अकराशे डॉलरनं वाढली."

मगर परवडली, असा चेहरा करून डार्लीनने कागद हातात घेतला. पेलिकन कंपनीचा विशेष जिल्हा बरखास्त झाल्यामुळे तिथले रस्ते, गटारं, अग्निशमन दल आणि थकलेली कर्जं आता काउंटीच्या गळ्यात आली आहेत, सबब कर वाढवावा लागत आहे, असं त्यात लिहिलं होतं.

"म्हणजे कंपनीला तू धडा शिकवलास," ती म्हणाली.

"शिकवला."

"आणि फी आपण भरायची?"

लॉवेलने कागदाची घडी करून तो पाकिटात कोंबला.

सगळं सुरू झालं होतं एका छपरावरून. बोटीला ऊन लागू नये म्हणून लॉवेलने अंगणात चार खांब रोवून वर पत्रे टाकले, तर परवानगी नाही म्हणून काउंटीने त्याला दंड ठोकला. त्याच आठवड्यात हमरस्त्यापलीकडे पेलिकन कंपनीने आपल्या करमणूक बागेत साठ फुटी सिमेंटचा पेलिकन उभा केला, चोच उघडमीट करणारा. त्याला परवानगी कोणी दिली? कंपनीनेच! पन्नास वर्षांपूर्वी सरकारने बागेची जमीन विशेष जिल्हा म्हणून तिला तोडून दिली होती. रस्ते तिचे, आगीचे बंब तिचे आणि परवानगीचा शिक्काही तिचाच. लॉवेलच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत हिंडलेला माणूस, लोकांची दारं वाजवायला तो थोडाच लाजणार? कंपनीचा जिल्हा बरखास्त करा, म्हणून त्याने चार हजार सह्या गोळा केल्या. काउंटीच्या सभेत कोणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं, ती तीन मिनिटं त्याने एकही मंगळवार न चुकवता वसूल केली. जूनमध्ये राज्याच्या राजधानीत ठराव मंजूर झाला आणि आपल्या हेरॉन लेक वसाहतीत लॉवेल मोठा माणूस झाला. आज संध्याकाळी पाच वाजता पोहण्याच्या तलावापाशी त्याचा सत्कार होता.

"सत्कार नको म्हणून सांग," डार्लीन म्हणाली.

"पंचावन्न घरांत स्वयंपाक चाललाय. आता कसा नको म्हणू?"

"मग खरं काय ते सांगून टाक."

"सांगतो ना. सत्कार झाल्यावर सांगतो."

डार्लीनने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं चुकवायला तो घराबाहेर पडला आणि त्याचे पाय आपोआप टपालपेट्यांकडे वळले. सगळ्या वसाहतीच्या पेट्या तलावाच्या फाटकाशी एका ओळीत आहेत. ऑगस्टच्या उन्हात पाचच्या आत कोणी टपाल न्यायला येऊ नये, एवढीच त्याची प्रार्थना होती. पण शेजारच्या ओफेलिया किन्योनेस हातात तेच पाकीट घेऊन उभ्या होत्या. ओफेलियाबाईंचं वय एकोणऐंशी. नवरा गेलेला, मुलगा दूर पोर्तो रिकोत, आणि पेन्शन महिन्याच्या पंचवीस तारखेलाच मान टाकणारी.

"बरं झालं आलास, बाळा. चष्मा घरी राहिला. काय लिहिलंय, वाच बघू."

लॉवेलने वाचलं. त्यांचा आकडा होता नऊशे चाळीस.

"अभिनंदनाचं पत्र आहे," त्याच्या तोंडून निघून गेलं. "काउंटीकडून. आपण सह्या केल्या ना, म्हणून."

"आणि कर? कर कमी झाला?"

"हो, म्हणजे... कराबद्दलच लिहिलंय."

"देवा तुझे उपकार! आता त्या एसीवाल्याला हो म्हणून टाकते. महिना झाला एसी बंद पडून, घरात नुसती भट्टी पेटलीय. सहा हजार सांगतो मेला. या कागदासाठीच थांबले होते मी."

आणि ओफेलियाबाई वयाला न शोभणाऱ्या झपाट्याने घराकडे निघाल्याही. त्यांना थांबवायचं सोडून लॉवेल आपल्या टपालपेटीचं झाकण उघडमीट करत राहिला. पंधरा वर्षं ही बाई त्याला बाळा म्हणत होती. कंपनीशी भांडताना ज्याची मान कधी खाली गेली नव्हती, त्याला आता स्वतःच्या घराकडे मान वर करून जाता येईना.

पाच वाजता तलावापाशी टेबलं लागली. भाजलेलं डुकराचं मांस, बटाट्याचं सॅलड, मक्याची कणसं आणि मधोमध ओफेलियाबाईंनी केलेलं फ्लान, म्हणजे कॅरॅमलचं पुडिंग. सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेल्या हँक पेटिग्रूने माईक हातात घेतला. हँकला माईक दिला की तो परत मिळत नाही, पण आज त्याने तो लगेच लॉवेलपुढे धरला.

"ओफेलिया सांगते, काउंटीचं अभिनंदनपत्र आलंय म्हणून. ज्याचा मान त्यानंच वाचावं!"

टाळ्या पडल्या. ओफेलियाबाईंनी पर्समधून पाकीट काढून स्वतः त्याच्या हातात दिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लॉवेलला झालं. पण तिथली फरशी त्याच्याच देखरेखीखाली बसवलेली, चांगली पक्की होती. त्याने घसा खाकरला आणि जे लिहिलं होतं ते वाचलं.

"नऊशे चाळीस काय?" मागून कोणीतरी विचारलं. "कमी?"

"जास्त. तुमचाही कर वाढलाय. सगळ्यांचाच."

कणसं चावायचे आवाज थांबले.

"मागं अजून एक कागद दिसतोय," हँक म्हणाला. "वाच तोही."

तो कागद लॉवेलने घरीही उलटून पाहिला नव्हता. 'सदर ठरावान्वये काउंटीतील पुढील विशेष जिल्हेही बरखास्त झाले आहेत,' त्याने वाचलं, आणि चौथ्या नावापाशी त्याने कागद खाली केला. हँकने कागद ओढून घेतला.

"हेरॉन लेक? आपण कधी विशेष जिल्हा होतो?"

"पहिल्यापासून," डार्लीन शांतपणे म्हणाली. "तलाव, रस्त्यावरचे दिवे, तळ्याची सफाई, सगळं बघणारं पाच जणांचं मंडळ आहे ना? तोच आपला जिल्हा. अध्यक्ष कोण, ते मी सांगू की तो सांगेल?"

आठ वर्षं लॉवेल ज्या कागदांवर अध्यक्ष म्हणून सही करत होता, त्यांच्या माथ्यावर 'विशेष जिल्हा' हेच शब्द छापलेले होते. माथा कोण वाचतो? आता एक सप्टेंबरपासून तलाव बंद, आणि दिव्यांचं काय करायचं ते काउंटी सवडीने कळवणार होती.

"पण ठराव तर नुसत्या कंपनीपुरता होता!" हँक ओरडला.

"होता," लॉवेल म्हणाला. "पण सभेत एकानं विचारलं, तुमचा एकाच कंपनीवर दात का? म्हणून ठरावाच्या मसुद्यात मीच 'सर्व विशेष जिल्हे' असं घातलं. न्यायाचं दिसावं म्हणून."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मग ओफेलियाबाई उठल्या.

"दुपारी तू वाचलंस, तेव्हा हेच लिहिलं होतं?"

"हो."

"एसीवाला उद्या आठ वाजता येणार आहे. मी त्याला हो म्हटलंय."

"मी आत्ता फोन करून नको म्हणतो त्याला."

"माझी जीभ शाबूत आहे. मीच म्हणेन." त्यांनी फ्लान कापायला घेतलं. "सही आम्ही चार हजार जणांनी केली, बाळा. न वाचता केली. ती लाज आपण वाटून घेऊ. पण हे पत्र तू एकट्यानं वाचलंस. ती लाज तुझी तुलाच."

त्यांनी पहिला तुकडा त्याच्याच ताटात घातला. तो त्याला गिळता गिळेना, आणि टाकायची हिंमतही होईना.

पुढच्या सोमवारी लॉवेल पुन्हा दारोदार निघाला. हेरॉन लेकचा जिल्हा परत मिळावा म्हणून चौदा पानी अर्ज होता आणि त्याला सह्या हव्या होत्या. पण वसाहत आता शहाणी झाली होती. हँकने त्याला उन्हात उभं करून अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि तीन ठिकाणी अर्थ विचारला. दुसऱ्या घरी नवरा-बायकोने वेगवेगळा वाचला. दिवसभरात सहा सह्या झाल्या.

ओफेलियाबाईंचं दार त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आत खरोखरच भट्टी होती. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः समोर वर्तमानपत्राने वारा घेत बसल्या. चष्मा डोळ्यांवर होता.

"मी वाचून दाखवू, की तुम्ही वाचता?" लॉवेलने विचारलं.

"तू वाच. मी बघते."

त्याने चौदा पानं वाचली. घामाने शर्ट पाठीला चिकटला, तरी त्याने पाणीही मागितलं नाही. शेवटचं पान संपवून त्याने पेन पुढे केलं.

"मागची बाजू?" ओफेलियाबाई म्हणाल्या.

मागची बाजू कोरी होती. लॉवेलने चौदाही पानं एकेक करून उलटून त्यांच्यासमोर धरली. शेवटचं पान पाहून झाल्यावर त्यांनी पेन हातात घेतलं.