गव्हापासून दूर, समुद्राकाठी

सबंध कोकण किनाऱ्यावर गव्हाचा दाणा औषधालाही सापडणार नाही, हे मी शास्त्राच्या आधारे सिद्ध करू शकतो. तिथली माती, तिथला पाऊस, तिथली दमट हवा, सगळे गव्हाच्या विरोधात आहे. बी. ए.ला माझा भूगोल होता आणि पेपरच्या दिवशी मला ताप वगैरे काही नव्हता. तेव्हा हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे.

फक्त एवढेच, की ते मी प्रथम केले तेव्हा भिवंडीत बसून केले होते.

गहू हा त्या काळात आमच्या घरात शत्रुपक्ष होता. माझी बायको तुळजा लग्नानंतर अशी वाळत गेली की शेजारणी मला दारात अडवून विचारायच्या, तिला जेवायला घालता ना? खाल्लेले तिच्या अंगी लागत नसे. आम्ही वैद्य केले, हकीम केले, गणेशपुरीच्या गरम कुंडात बुड्या मारल्या. प्रत्येकाचे निदान वेगळे आणि उपाय मात्र एकच: बाईंना अशक्तपणा आहे, गव्हाचे काहीतरी देत जा. आम्ही देत गेलो, ती वाळत गेली. शेवटी मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरांनी शोधून काढले की गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट प्रकार असतो आणि तो हिच्या आतड्यांना सोसत नाही. चपाती बंद, पाव बंद, रवा-मैदा बंद, चहात बुडवायचे बिस्किटसुद्धा बंद. भात खा, तांदळाची भाकरी खा, मासे खा, मजेत राहा.

गहू सुटला आणि तुळजा भरू लागली. गाल दिसू लागले. हातातून निसटणाऱ्या बांगड्या मनगटावर थांबू लागल्या. डॉक्टर खूश झाले, पण त्यांनी बजावले, ही अजून ओली भिंत आहे. एक घास चुकला तरी ढासळेल, आणि पुढच्या तपासणीत वजन उतरलेले दिसले तर मी सरळ वॉर्डात भरती करून घेणार. त्या वॉर्डात तुळजा आधी एकदा राहून आली होती. समोरच्या खाटेवरची बाई तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. पुन्हा तिथे जायचे नाही, एवढे एकच मागणे तिने आयुष्यात माझ्याकडे मागितले होते.

मी एका पॉवरलूम कारखान्यात मेहताजी. म्हणजे शेठच्या आणि कामगारांच्या शिव्या ज्या टेबलावर एकमेकींना भेटतात, त्या टेबलामागचा माणूस. त्या उन्हाळ्यात सूत भडकले, वीज एकदा गेली ती परत येईना, आणि शेठने आठवडाभर कारखाना बंद ठेवला. भिवंडीत लूम थांबले की शांततेमुळे लोकांना झोप लागत नाही. मी असाच जागरणाने तारवटलेला असताना लडकू भेटला. हा पूर्वी आमच्याकडे लूम चालवायचा. खटखटीला कंटाळून केळव्याच्या बाजूला आपल्या गावी होडीवर परत गेला होता. म्हणाला, मेहताजी, वहिनींना घेऊन या, जरा समुद्राची हवा खाऊ घाला. हवेत ग्लुटेन नसते, एवढा हिशेब मी मनात केला. मी तिथल्या तिथे हो म्हणालो.

तुळजाने तांदळाच्या पिठाचा डबा भरायला घेतला. मी तिला थांबवले. समुद्रकाठी तांदळाचे पीठ नेणे म्हणजे भिवंडीत खटखट नेण्यासारखे आहे, असे मी समजावले.

"तिकडे माझ्या जेवणाची जबाबदारी तुमची," ती म्हणाली.

"माझी."

डबा फळीवर परत गेला.

वाटेत गाडी बदलायची होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात मी दोन राइसप्लेट मागवल्या. तांदळाची टंचाई होती, मालकाने भात बंद ठेवला होता. त्याऐवजी पुरी-भाजी घ्या म्हणाला. भज्यांत निव्वळ बेसनच घालता ना, असे मी वेटरला विचारले. तो दुखावला. म्हणाला, साहेब, नुसतं बेसन परवडतं का आता? मैदा घालतो तेव्हा कुठे भजी उभी राहतात. चिवड्यात शंकरपाळ्यांचा चुरा निघाला. चहाबरोबर प्रेमाने खारी येत होती. तुळजाने बाहेरून केळी घेतली आणि माझ्याकडे न बघता सोलली.

"हे अजून खरं कोकण नाही," मी खुलासा केला.

खऱ्या कोकणात लडकूची आई ठकुबाई ओसरीवर वाट बघत उभी होती. घर माडांच्या सावलीत, समोर वाळू, वाळूवर सुकत घातलेले बोंबील. शेजारच्या घरातून तव्यावरच्या भाकरीचा आणि कालवणाचा असा वास येत होता की मी तुळजाकडे विजयी नजरेने पाहिले. मग ताटे आली. ताटात चपात्या होत्या. तुपाने माखलेल्या, गरम, घडीच्या चपात्या, आणि बटाट्याची भाजी. भात नाही, भाकरी नाही, मासळीचा काटासुद्धा नाही.

भूगोलाच्या पुस्तकात एक गोष्ट दिलेली नसते. जिथे गहू पिकत नाही, तिथे गहू पाहुण्यांसाठी ठेवलेला असतो. ठकुबाईने रेशनचा गहू डब्याच्या तळाशी जपून ठेवला होता, आणि आम्ही येणार म्हटल्यावर आळीतल्या घराघरातून वाटी-वाटी गोळा केली होती. मी म्हणालो, कशाला त्रास घेतलात, आम्हाला भाकरी फार आवडते.

"भाकर आमी कुत्र्याला बी घालतो," ठकुबाई म्हणाली. "लडकूचं मेहताजी आलं, आन् त्यांना भाकर घालू? गाव थुकंल माज्या तोंडावर."

ती तूप आणायला आत वळली तेवढ्यात मी तुळजाच्या चपात्या माझ्या ताटात ओढून घेतल्या आणि शेठ येताना दिसल्यावर कामगार जशी बिडी संपवतात तशा संपवल्या. ठकुबाई परत आली. तुळजाचे ताट रिकामे. तिकडे रिकामे ताट हा अपमान समजतात. तिने ते पुन्हा भरले. ती पुन्हा आत गेली. मी पुन्हा ओढले. असे बरेच झाले. जेवण संपले तेव्हा मला माझ्या पायांवर उभे राहण्यासाठी लडकूची मदत लागली, आणि तुळजा वाळूवर बसून शहाळ्यातली मलई खरवडत होती.

संध्याकाळी ती म्हणाली, आता मी सरळ खरे काय ते सांगून टाकते. तिने सांगितले. आजार, डॉक्टर, आतडी, सगळे. ठकुबाईने गालाला हात लावून ऐकून घेतले. पोरीला आजार आहे एवढे तिला पटले. तो गव्हाने होतो हे काही पटेना. गहू तर आजाऱ्याला देतात! पोट नाजूक झाले असणार, चपाती जड पडत असणार, एवढाच त्यातून तिने अर्थ काढला आणि शेजारच्या गुणाबाईला हाक मारली. गुणाबाईच्या घरात दात न आलेला नातू होता आणि त्याच्यासाठी तयार केलेले गव्हाचे सत्त्व होते. थोड्या वेळात वाडगाभर सत्त्व आले, दूध-साखर घालून. शेजारी ग्लुकोजची बिस्किटे. नातवाला आज भाताची पेज देते, गुणाबाई म्हणाली, पाव्हणी बरी होऊ दे.

आता मला सांगा, हे परत कोणत्या तोंडाने करायचे? मी ते प्यालो. बिस्किटेही संपवली, कारण तीही पुरावा होती. गुणाबाई वाडगा न्यायला आली तेव्हा मी ओठ पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळूवर फिरायला निघालो तर जाळी विणणारे हात जागच्या जागी थांबले. बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. एका म्हाताऱ्याने आपला चहाचा कप उचलून पलीकडे ठेवला. घरी आलो तर ठकुबाई दारातच बसली होती, मागे तुळजा तांदूळ निवडत होती.

"मेहताजी, एक इचारू? बायकोच्या ताटातल्या चपात्या ओढताव, ते मी दाराआडून बगितलं. गप ऱ्हायले. पन तिचं सत्त्व बी?"

"तसं नाही हो."

"पोरीची हाडं बगा. आन् स्वतःकडं बगा."

सुशिक्षित माणसाचा मेंदू अशा वेळी विजेच्या वेगाने चालतो. माझाही चालला, वीज तेव्हा वारंवार जायची, हे ध्यानात ठेवावे. आजार यांना पटत नाही, पण नवस नक्की पटेल. लोक देवासाठी कांदा सोडतात, वांगी सोडतात. मी आवाज खाली आणून म्हणालो की ही बोलत नाही, पण हिने नवस बोलून गहू सोडलेला आहे.

ठकुबाईचा चेहराच बदलला. "कसला नवस?"

इथपर्यंत मी विचार केला नव्हता.

"मला भूक लागत नव्हती," मी म्हणालो.

ठकुबाईने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत, मध्ये जरा रेंगाळत, पाहिले. मग तुळजाकडे वळून तिने हात जोडले. "पावला गो बाय! देव पावला तुला."

आणि पावलेला नवस फेडावा लागतो. लडकूचा मामा नामा तांडेल दुसऱ्या दिवशी मोठी होडी बाहेर काढणार होता आणि त्याआधी किनाऱ्यावर सत्यनारायण व्हायचाच होता. ठरले, तिथेच बाईने प्रसाद खाऊन नवस सोडावा. प्रसाद म्हणजे शिरा, शिरा म्हणजे रवा, रवा म्हणजे गहू. आणि सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला की नाव बुडते, हे मच्छीमाराला वेगळे सांगावे लागत नाही.

मी तुळजाला म्हणालो, पहिल्या गाडीने निघू. ती म्हणाली, पूजा टाकून? मग मी म्हणालो, घे हातात आणि हळूच पदरात टाक.

"आणि त्यांची माणसं त्या होडीतून जायची?" ती म्हणाली. "तसलं काही मी करणार नाही."

"मग वॉर्डात जाशील?"

ती कूस बदलून झोपली. सकाळी उठून ठकुबाईला स्वयंपाकात मदत करायला निघून गेली. मी वाळूवर येरझारा घालत भाषण पाठ केले. ग्लुटेनची रचना, आतड्यांचे कार्य, आधुनिक विज्ञान आणि श्रद्धा यांचा समन्वय. भाषण चांगले होते.

पूजा झाली. होडीला पताका लावल्या होत्या, खलाशी धुतलेले कपडे घालून रांगेत उभे होते. भटजींनी द्रोणातला शिरा तुळजाच्या तळहातावर ठेवला. सगळा किनारा तिच्या हाताकडे बघू लागला. मी पुढे होऊन घसा साफ केला आणि म्हणालो, बंधूंनो, मनुष्याच्या आतड्याच्या आतल्या बाजूस अत्यंत सूक्ष्म अशा—

"मेहताजी," नामा तांडेल म्हणाला, "भरती जाईल."

तुळजाने हात तोंडाकडे नेला. माझ्या डोळ्यांपुढे ती खाट आली, समोरची रिकामी झालेली खाट आली. पुढचे मी केले नाही, माझ्याकडून झाले. मी झेप घेतली, तिचे मनगट धरले आणि भर किनाऱ्यावर, देवासमोर, भटजींसमोर, बायकोच्या तळहातावरचा प्रसाद तोंडाने उचलून गिळून टाकला.

मग ठकुबाईचा आवाज आला.

"ह्याला देव जरा जास्तच पावला."

बायकांनी तोंडात पदर कोंबले. भटजी पोथीत तोंड घालून हलत होते. नामा तांडेल मात्र हसला नाही. त्याची माणसे जायची होती. त्याने दोन खलाश्यांना खूण केली; त्यांनी मला आदराने पण घट्ट धरले, आणि तो म्हणाला, बाईला दुसरा द्या. दुसरा द्रोण आला. तुळजाने तो शांतपणे, सावकाश, बोटे चाटून संपवला. होडी पाण्यात गेली.

मी ओसरीवर जाऊन आडवा झालो. दुपारच्या ताटात तांदळाची भाकरी आणि पापलेटाचे कालवण होते. ठकुबाई ते वाढताना ओशाळली होती आणि तुळजा जेवत होती. मी मात्र खाऊ शकत नव्हतो. पोटात चपात्या, सत्त्व, बिस्किटे आणि प्रसाद यांचे संमेलन भरले होते. तुळजा जेवून आली आणि मला वारा घालू लागली. मी दर थोड्या वेळाने विचारत होतो, दुखायला लागलं का? गरगरतंय का? तिचा हात धरून मी म्हणालो, मी तुला वॉर्डात एकटी सोडणार नाही. माझा आवाज फुटला. हे लिहायला नको होते, पण झाले तसे लिहितो.

"रडू नका," ती म्हणाली. "शिरा कण्यांचा होता. तांदळाच्या. सकाळी मीच भाजल्या."

"मग मला सांगायचं नाही?"

"कधी? तुमचं तोंड आधी भाषणात होतं, मग माझ्या हातात."

ठकुबाई आदल्या संध्याकाळी रव्यासाठी आळीभर हिंडली होती. रवा नव्हता. घरी दळून काढू म्हणावे, तर गहूही नव्हता. भटजी म्हणाले होते, देव भाव बघतो, कण्या चालतील. माझ्यासमोर हे बोलायची तिला लाज वाटली.

मी विचारले, एवढ्या सगळ्या गावात मूठभर गहू नव्हता?

नव्हता. होता तो मी खाल्ला होता.