ठिपक्यापेक्षा लहान

पाणथळ संवर्धन कार्यालयाच्या दूरसंवेदन शाखेतले निरीक्षक एका सुट्टीच्या दिवशी सासुरवाडीला गेले असता, तळ्याच्या धक्क्यापाशी त्यांना जलपर्णीचा एक झुबका तरंगताना दिसला. झुबका घमेल्याएवढा होता. निरीक्षकांनी तो लगेच ओळखला, कारण हीच वनस्पती उपग्रहाच्या चित्रांतून शोधण्याचा त्यांना पगार मिळत होता. ही बया पाण्यात पाहुणी म्हणून शिरते आणि बघता बघता मालकीण होऊन बसते, हे त्यांनी कितीतरी अहवालांत लिहिलं होतं.

त्या तळ्यावर सासऱ्यांची एकुलती एक होडी चालायची. पलीकडची शाळेची पोरं, भाजीच्या पाट्या, दवाखान्यात निघालेले म्हातारे, सगळे तिच्यातूनच अलीकडे यायचे. होडी हेच सासऱ्यांचं पोट आणि होडी हाच त्यांचा मान. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि झुबक्याकडे हात नेला.

"बाबा, हात लावू नका," निरीक्षक घाईनं म्हणाले. "अजून तिची नोंद व्हायची आहे."

मग त्यांनी सासऱ्यांना नियम समजावून सांगितला. उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे पाण्यावरची दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद जागा. त्याहून लहान असेल ते चित्रात उमटत नाही. जे उमटत नाही ते अहवालात येत नाही, आणि जे अहवालात नाही ते काढायला माणसं मंजूर होत नाहीत. हातानं उपटणं अशास्त्रीय ठरलं होतं. शिवाय संगणकाला जलपर्णी ओळखायला शिकवायची तर एखादा खात्रीचा नमुना लागतो, आणि एवढा खात्रीचा नमुना कार्यालयाकडे दुसरा नव्हता. तेव्हा झुबका ठिपक्याएवढा होईपर्यंत कळ काढणं भाग होतं.

निरीक्षकांच्या बायकोला हे काही पटलं नाही. "हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात," ती म्हणाली, "तुम्हाला तर आभाळात आरसा लागतो." पण सासरे लेकीवरच डाफरले. जावई आकाशातून तळ्याकडे बघतात, ही गोष्ट ते होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगत असत, आणि जावयाच्या नमुन्याला धक्का लागू देणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी झुबक्याभोवती बांबूचं कुंपण घातलं. वल्ह्याचा फटका बसू नये म्हणून ते होडी लांबून वळवून आणू लागले.

झुबका गुणी निघाला. बांबू ओलांडून तो पसरला आणि एके दिवशी चित्रात चक्क एक हिरवा ठिपका उमटला. निरीक्षकांचा आनंद गगनात मावेना. पण एकटा ठिपका ही चूकही असू शकते, तेव्हा लागोपाठच्या दोन चित्रांत तो दिसायला हवा, असं पोटकलम निघालं. दुसरं चित्र आलं तेव्हा तळ्यावर ढग होते, तिसऱ्यालाही होते. ढगांना कार्यालयाची वेळ कोण सांगणार? इकडे सासऱ्यांचं वल्हं पानांत अडकू लागलं होतं, तरी ते फोनवर जावयालाच धीर देत होते.

ढग सरले आणि नवं चित्र आलं. काठापासून काठापर्यंत सगळं हिरवंगार होतं. आता संगणकाला शिकवलं होतं ते असं, की आधी पाणी शोधायचं आणि मग त्या पाण्यात जलपर्णी शोधायची. संगणक आज्ञाधारक. त्याने पाणी शोधलं, ते कुठेच सापडलं नाही, म्हणून पुढची तसदी घेतली नाही आणि निष्कर्ष दिला : पाण्यातील उपद्रवी वनस्पती, शून्य टक्के.

संचालक मॅडमनी तो आकडा दोनदा वाचला आणि खुर्चीवरून उठून निरीक्षकांचं अभिनंदन केलं. एवढा चांगला निकाल कुठल्याच तळ्याचा नव्हता. निरीक्षकांनी धीर गोळा केला.

"मॅडम, तळं जलपर्णीनं भरलंय. मी स्वतः बघितलंय."

"कुठून?"

"धक्क्यावरून."

"धक्क्यावरून बघायचं असतं," मॅडम मायेनं म्हणाल्या, "तर उपग्रह कशाला वर सोडला असता?"

निरीक्षक नमस्कार करून बाहेर पडले. त्यांना बढती मिळाली. संगणकाच्या लेखी जिथे पाणी नाही, म्हणजे तळंच नाही, तिथे जलपर्णी काढायला माणसं पाठवण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि ती जागा 'कुरण' म्हणून शेजारच्या खात्याकडे वर्ग झाली.

बढतीचे पेढे नेण्याचं काही निरीक्षकांच्यानं झालं नाही. ते रिकाम्या हातानं तळ्यावर गेले. होडी मधोमध रुतून बसली होती, आणि सासरे धक्क्यावर मांडीवर वल्हं घेऊन बसले होते. पलीकडची पोरं आता डोंगराला वळसा घालून शाळेत येत होती. म्हाताऱ्यांनी दवाखान्याचा नाद सोडला होता. निरीक्षकांना वाटलं, सासऱ्यांनी दोन शिव्या दिल्या तर बरं होईल. पण त्यांनी शिव्या दिल्या नाहीत.

"जावईबापू, एक विचारू का? तुमच्या त्या चित्रात माझी होडी दिसते?"

खोटं बोलावं असं निरीक्षकांना फार वाटलं. "नाही बाबा," ते म्हणाले. "ती ठिपक्यापेक्षा लहान आहे."

"आणि मी?"

निरीक्षक खाली वाकले आणि दोन्ही हातांनी जलपर्णी उपटू लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी घमेल्याएवढी जागा मोकळी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा भरली होती.

पुढे त्या कुरणाला जांभळी फुलं आली आणि बघायला लोटच्या लोट माणसं आली. तुम्हीही गेला होतात. फुलांपुढे उभं राहून काढलेला, "निसर्गाच्या कुशीत, डोळे निवले" असं खाली लिहिलेला तुमचा फोटो आम्ही पाहिला. छान आलाय. जरा मोठा करून बघा. तुमच्या खांद्यामागे जी काळी रेघ दिसते ना, ती होडी आहे. आणि कोपऱ्यात, ज्यांना तुम्ही "फोटोत येताय, जरा बाजूला व्हा" म्हणालात, ते सासरे.