एक माणूस, एक शेगडी

त्या दिवशी दुपारी ताई हॉटेलच्या भटारखान्यात चक्कर येऊन पडली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, यांना यापुढे उष्णता सोसणार नाही. पुढच्या महिन्यात दाजींनी हॉटेलात एसी बसवला.

या शेवटच्या वाक्याचा आधीच्या दोन वाक्यांशी काही संबंध आहे, हे दाजींनी कधीही कबूल केलं नाही. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. डोंबिवलीत स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचं हॉटेल होतं. "एसी गिऱ्हाइकांसाठी आहे," ते सांगत आणि समोरचा हसतोय का ते बघत. डॉक्टरांनी उन्हाळ्यापुरतं महाबळेश्वर सुचवलं होतं. दाजी म्हणाले, मग हॉटेल कोण बघणार? आणि त्यांनी महाबळेश्वरच डोंबिवलीत आणलं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. बायकोसाठी घरात एसी घेतला असता, तर आमचे नातेवाईक वर्षभर हसले असते. हॉटेलात घेतला तर तो धंदा. म्हणून मागच्या फॅमिली रूमला काचेचं दार लागलं, खिडकीत यंत्र बसलं आणि होळीपासून पाऊस पडेपर्यंत कोपऱ्यातल्या टेबलावर माझी बहीण बसू लागली. त्यांचं घर हॉटेलच्याच माडीवर होतं, पण पत्र्याखालचं ते घर एप्रिलमध्ये भटारखान्यापेक्षा जास्त तापायचं. ताई खाली बसून तांदूळ निवडायची, कागदी रुमालांच्या घड्या घालायची. दुपारी तिला बाहेर येऊ द्यायचं नाही, ही एकच गोष्ट दाजींच्या डोक्यात होती. बाकी सगळं त्यातून आलं.

एसी बिघडतो कसा, याचा त्यांनी ध्यास घेतला. यंत्र एकदम बंद पडत नाही, आधी कुरकुरतं, असं त्यांचं मत. ती कुरकुर ऐकायला ते भटारखान्यातलं लांब दांड्याचं उलथनं आणत. त्याचं पातं यंत्राच्या अंगाला लावायचं, दांडा कानाला लावायचा आणि डोळे मिटायचे. जेवणारी माणसं घास हातात धरून बघत राहत. डोळे उघडून दाजी म्हणत, "छाती भरलीय." म्हणजे जाळी धुवायला झाली. ही जाळी ते दर सोमवारी स्वतः धूत, दात घासायच्या ब्रशने. ती सावलीत वाळवायची, उन्हात वाकडी होते. यंत्राच्या तोंडावर त्यांनी पतंगाच्या कागदाच्या चार पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्ट्या फडफडल्या की दाजी खूश. लोंबायला लागल्या की त्यांचा चेहराही लोंबायचा.

त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दार. आपल्या लोकांना निरोप घेता येत नाही. "निघतो हं" म्हणून उठायचं, दार उघडायचं आणि उंबऱ्यावर उभं राहून धाकट्याच्या मुंजीचा विषय काढायचा. दाजी गल्ल्यावरून ओरडत, "दार, दार." मग जवळ येऊन समजावत, "निरोप आत घ्या, नाहीतर बाहेर घ्या. मध्ये घेऊ नका." सवय इतकी लागली, की कल्याणला एका लग्नात नवरीला निरोप देताना सगळे मांडवाच्या तोंडाशी रडत उभे होते, तेव्हाही ते हळूच "दार" म्हणाले. मांडवाला दार नव्हतं.

दुसरा शत्रू सिझलर. नव्वदीत तो पदार्थ आमच्याकडे पोचला आणि तडतडत, धूर सोडत एसी रूममध्ये जाऊ लागला. दाजींनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी नियम काढला, की सिझलर मागवणाऱ्याने बाहेरच्या हॉलमध्ये उभं राहून तो शांत होईपर्यंत बघावा, मग ताट घेऊन आत यावं. काही दिवसांनी तो पदार्थ कोणी मागेनासं झालं.

मागच्या गल्लीत राहणाऱ्या कोळीणमावशींशी त्यांचं वेगळंच भांडण होतं. यंत्राच्या पाठीतून गरम वारा येतो हा शोध मावशींना लागला होता आणि त्यांनी तिथे खाट टेकवून तिच्यावर पापड वाळत घातले होते. गरम वाऱ्याची वाटच बंद. दाजी धावत गेले. मावशी म्हणाल्या, वारा फुकट चाललाय तर तुझ्या बापाचं काय जातं रे? शेवटी तह झाला. खाट चार हात लांब सरकली आणि मावशींनी यंत्राच्या पाठीला ऊन लागू नये म्हणून नारळाच्या झापाची सावली बांधून दिली. पापडांतला वाटा ताईला यायचा.

पण या सगळ्याच्या वरचं तत्त्व होतं ते शेगडीचं. "मास्तर," ते मला म्हणत, मी शाळेत मराठी शिकवत असे म्हणून, "एक माणूस म्हणजे एक शेगडी. खोलीत दहा माणसं आली की दहा शेगड्या पेटल्या." जाड्या गिऱ्हाइकाला ते दोन धरत आणि दाराजवळ बसवत. मोठमोठ्याने बोलणारा जास्त तापतो, वाचणारा कमी तापतो, असंही त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत ठाकुर्लीहून येऊन, पुस्तक घेऊन ताईच्या टेबलाशी बसायची परवानगी मला होती.

स्वतः दाजी आत बसत नसत. आपणही शेगडीच, असा त्यांचा साधा हिशेब. पंख्याखाली, खांद्यावर टॉवेल टाकून ते गल्ल्यावर बसत आणि काचेतून आत बघत. आधी कागदाच्या पट्ट्यांकडे, मग ताईकडे.

एका वर्षी पाडव्याला मी गेलो, तर दारावर गुढी होती आणि एसीच्या गळ्यात साखरेची गाठी. चांगली मोठी, पांढरी आणि गुलाबी. यंत्राला दसऱ्याला हार घालतात, यांनी पाडव्याला गाठी घातली, एवढंच मनात आलं. गारव्याच्या ओलीने चार-पाच दिवसांत ती विरघळली आणि नुसता दोरा उरला. दाजी खूश होते. मला म्हणाले, "खाल्ली."

त्यानंतर काही आठवड्यांनी, भर उन्हाळ्यात, एसी रूममध्ये एका साखरपुड्याचं जेवण होतं. खोली गच्च भरलेली. ताई तिच्या कोपऱ्यात, मी शेजारी. श्रीखंड वाढून झालं आणि यंत्राने एक उचकी दिली. मग शांत झालं. चारही पट्ट्या खाली आल्या.

दार उघडून दाजी आत आले. मागे दार लावून घ्यायला ते विसरले नाहीत. हात जोडून म्हणाले, सर्वांनी आपापली ताटं घेऊन कृपया बाहेरच्या हॉलमध्ये यावं, पंखे लावलेत. माणसं उठायला लागली. ताईही उठली, तसं दाजींनी तिला हातानेच बसवलं.

मुलाचे मामा कल्याणचे होते. ते उठले नाहीत. आम्हाला उकाड्यात पाठवता आणि या बाई आत का, असं त्यांनी विचारलं. दाजी म्हणाले, "तुम्ही वीस शेगड्या आहात."

"हॉटेल काढलंय की दवाखाना?" मामा म्हणाले.

"सध्या दवाखाना," दाजी म्हणाले.

आता साखरपुडा मोडतो की काय, असं मला वाटलं. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला होता. मी उठून मुलाच्या आईजवळ गेलो आणि ताईच्या आजाराचं दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईच्या कपाळावर घाम यायला लागला होता. त्या बाईंनी पैठणीचा पदर खोचला, ताट उचललं आणि भावाला म्हणाल्या, "दादा, श्रीखंड बाहेरही गोडच लागतं. चल." मामा उठले. उंबऱ्यावर थांबून ते आणखी काही बोलणार होते, पण दाजींनी त्यांना हलकेच पुढे ढकललं आणि दार लावलं.

मीही बाहेर आलो. बंद खोलीत गारवा उरला होता, तो टिकेल तेवढा टिकवायचा होता. मी शेजारच्या दुकानातून विठ्ठलवाडीच्या मेकॅनिकला फोन केला. तो यायला निघाला, पण रेल्वेचं फाटक बंद असलं तर उशीर होणार होता. ताईला आता कुठे न्यायचं? माडीवर पत्रा, रस्त्यावर ऊन. दाजी काचेला चिकटून उभे होते. आत ताई ओला रुमाल मानेवर ठेवून, डोळे मिटून बसली होती. मी त्यांना बसा म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसावं.

मेकॅनिक रिक्षाने आला. पुढचं झाकण काढून त्याने बॅटरी मारली आणि हसायला लागला. "शेठ, मशीन बरी हाय. आत मुंग्यांची भाजी झालीय." साखरेचा पाक आत उतरला होता, त्यामागे मुंग्या आल्या होत्या आणि स्विचच्या पट्ट्यांमध्ये भाजून चिकटल्या होत्या. यंत्राला साखर कोणी घातली, असं त्याने विचारलं.

दाजी टॉवेलचं टोक चाळवत राहिले. मग म्हणाले, "पाडव्याला घरातल्या लहानाच्या गळ्यात गाठी घालतात. आमच्याकडे लहान हाच."

मेकॅनिकचं हसणं थांबलं. त्याने मान खाली घालून स्विचच्या पट्ट्या खरवडल्या, पुसल्या, झाकण लावलं. बटण दाबलं. यंत्र घरघरलं, थरथरलं आणि त्याचा नेहमीचा आवाज सुरू झाला. कागदाच्या पट्ट्या वर उचलल्या. बाहेर कोणीतरी टाळी वाजवली. मला वाटतं, मामांनी. मी भिंतीला टेकलो.

दाजी लगेच बाहेर जायला वळले. ताई म्हणाली, "अहो, इतकी वर्षं काचेतून काय बघताय? इथे बसा."

ते बसले. खुर्चीच्या कडेवर, परक्या घरी आल्यासारखे. ताईने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. थोड्या वेळाने दाजींनी हातावर फुंकर मारली, शर्टाच्या बाह्या खाली केल्या आणि इकडेतिकडे पाहिलं. मग ताईला म्हणाले, "चांगलं गार होतं की गं इथे."

त्यानंतर दुपारची गर्दी ओसरली की ते रोज थोडा वेळ आत जाऊन बसत. त्या वेळी मी पुस्तक घेऊन बाहेर येत असे.

दाजी गेल्या थंडीत गेले, झोपेत. हॉटेल दुसऱ्याने घेतलं. ताईला मी ठाकुर्लीला आणलं आणि आमच्या मधल्या खोलीत एसी बसवून घेतला. नातेवाइकांपैकी कोणी हसलं नाही. दाजींच्या मागचा पहिला उन्हाळा कसा निभेल, या धास्तीने मी मार्चपासून नीट झोपलो नव्हतो. तो उन्हाळा परवा संपला. ताई आहे.