पाण्याला विचारणारे बोरकुटेजी

भर मे महिन्यात, दुपारी दोनच्या उन्हात, एखादा माणूस रस्त्याच्या मधोमध बादलीभर पाणी ओततो आणि डोक्यावर काळी छत्री धरून त्या पाण्याच्या मागे मागे चालायला लागतो, हे दृश्य तुम्ही कधी पाहिलं नसेल, तर आमचे बोरकुटेजी तुम्हाला भेटलेले नाहीत.

पाणी चाललं की ते चालत. पाणी अडलं की उकिडवे बसत. सायकलवाले शिव्या देत बाजूनं जात. सक्करदऱ्याच्या एका गल्लीत तर दोन बायांनी हा कोणाचा तरी नवस समजून त्या ओल्या पट्ट्यावर हळदकुंकू वाहिलं. बोरकुटेजींनी त्यांना अडवलं नाही. "उताराले कुंकू लागलं तं काय बिघडते?" एवढंच म्हणाले.

शहराचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत ते जुने ड्राफ्ट्समन होते आणि मी त्यांच्या हाताखाली ट्रेसिंगचं काम करायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूर तेव्हा चारी बाजूंनी सुटलं होतं. परवापर्यंत जिथं तूर उभी होती तिथं आज चुन्याच्या रेघा पडत, आणि दर आठवड्याला एक नवा ले-आउट आमच्या टेबलावर येऊन पडे. बोरकुटेजी तो उलगडत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "हे पाण्याले इचारलं का?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. साहेबांनाही. एकदा आमच्या हेडक्लार्कनं मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर ह्यांनी अक्षता बाजूला ठेवून विचारलं, "मांडव कुठं टाकून राहिले? पाण्याले इचारलं का?" सगळी कचेरी हसली. लग्नाच्या दिवशी अवकाळी सर आली आणि वऱ्हाडानं खुर्च्यांवर उभं राहून बुंदी खाल्ली. हेडक्लार्क पुढे वर्षभर बोरकुटेजींशी बोलले नाहीत, जणू पाऊस ह्यांनीच पाठवला होता.

मीही हसणाऱ्यांतलाच होतो. पण सक्करदऱ्याच्या पलीकडल्या एका सोसायटीचा ले-आउट आला आणि माझं हसणं बंद झालं. त्यातला सतरा नंबरचा प्लॉट माझा होता.

आम्ही तेव्हा एका खोलीत राहायचो. मी, शोभा, दोन मुली आणि माझी आई. शोभा रोज संध्याकाळी त्या प्लॉटवरच्या घराच्या खोल्या बोटानं हवेत दाखवायची. सोसायटीत सगळे आमच्यासारखेच होते. शाळामास्तर, गिरणीतले जॉबर, कचेऱ्यांतले बाबू. सात वर्षं वाट पाहिली होती सगळ्यांनी.

बोरकुटेजींनी मूळ नकाशावर पेन्सिलीनं एक निळी रेघ मारली. अकरा प्लॉटांमधून जाणारी. तिथं जुना नाला होता, तो मुरूम टाकून बुजवला होता, आणि तेवढा पट्टा मोकळा ठेवावा असं त्यांचं म्हणणं. ती रेघ माझ्या प्लॉटाच्या बरोबर मधून गेली होती.

"एक रेघच तं हाय," शोभा रात्री म्हणाली. "नाही उतरवली तं कोणाले कळते?"

दुसऱ्या दिवशी मी ट्रेसिंग केलं. रस्ते उतरवले, मैदान उतरवलं, बाण काढून उत्तर दिशासुद्धा दाखवली. निळी रेघ उतरवली नाही. हाताला घाम इतका सुटला होता की कागदावर रुमाल ठेवून लिहावं लागलं.

बोरकुटेजींनी ट्रेसिंग उचललं. बराच वेळ पाहिलं.

"रेघ राहिली गा."

"राहिली असेल," मी म्हणालो.

"सतरा नंबर तुहा हाय ना?"

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं.

"मी नाई काढत," ते म्हणाले. "मी काढली तं साहेबलोक मुकाट पुसतीन. तुह्याच प्लॉटातून जाते, तू काढ. पण आज नको काढू. उद्या जागेवर चाल माह्यासंगं."

दुसऱ्या दिवशी साहेबांची जागेवरची पाहणी होती. निळ्या रेघेची कुणकुण लागून सोसायटीचे पन्नासेक सभासद आधीच जमलेले. ऊन डोक्यावर. बोरकुटेजींना पाहताच गर्दीतून आवाज आला, "हाच तो! हाच काड्या करून राहिला!"

सेक्रेटरी गावंडे मास्तर पुढे आले. एरवी मऊ बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. "काहून अडवून राहिले आमची घरं? नव्या रस्त्याले नाली ठेवली हाय आम्ही. पाणी नालीनं जाईल."

"जाईल तं चांगलंच हाय," बोरकुटेजी म्हणाले. "पण पाण्याले इचारलं का?"

एका जॉबरनं त्यांची कॉलर धरली. छत्री खाली पडली. मी दोन पावलांवर उभा होतो. सोडवायला पुढे व्हावं असं वाटलं, आणि मग मनात आलं, मी कोणाच्या बाजूचा? मी तिथंच उभा राहिलो.

मुरूम दाबण्यासाठी आणलेला पाण्याचा टँकर वरच्या अंगाला उभा होता. गावंडे मास्तरच ओरडले, "कॉलर सोडा त्यायची! सोडा तो टँकर! पाहू द्या साहेबाले, होऊ द्या एकदाचं!"

तोटी उघडली. पाणी धबधबा खाली आलं आणि शहाण्या मुलासारखं सरळ नालीत शिरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी शिट्टी मारली. साहेब घड्याळाकडे बघून हसले. मीसुद्धा हसलो असेन. बोरकुटेजींनी छत्री उचलली, झटकली आणि पाण्याबरोबर चालू लागले. सगळी गर्दी त्यांच्या मागून.

पाणी वीस पावलं गेलं आणि थांबलं. तिथं नाली तुंबत तुंबत काठापर्यंत आली. मग पाण्याची एक जीभ काठावरून बाहेर आली, डावीकडे वळली आणि दाबलेल्या मुरुमावरून निघाली. तेरा नंबरची खुंटी. चौदा. पंधरा. पाणी अजिबात घाईत नव्हतं. सोळा नंबरपाशी ते जरा पसरलं, वाटलं, आता जिरेल. मी मनातल्या मनात हात जोडले होते.

सतरा नंबरच्या खुंटीला त्यानं वळसा घातला, आणि माझ्या घराचं स्वयंपाकघर जिथं होणार होतं तिथं त्याचं डबकं झालं. मुरूम भसकन खाली बसला. खुंटी कलंडली.

कॉलर धरणारा तो जॉबर मटकन खाली बसला. त्याचा प्लॉट पंधरा नंबरचा होता. बोरकुटेजी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि छत्री त्याच्या डोक्यावर धरली. जिंकल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. उलट तेच गुन्हेगारासारखे दिसत होते.

दुपारी कचेरीत येऊन मी निळी रेघ काढली.

मुरूम उपसून तो पट्टा मोकळा ठेवला. त्याच ऑगस्टात तो दोन दिवस छातीभर पाण्यानं वाहिला, आणि आसपासच्या एकाही प्लॉटावर पाणी चढलं नाही. अकरा जणांना दुसरीकडे जागा द्यायची होती, पण प्लॉट निघाले दहाच. चिठ्ठ्या टाकल्या. माझी चिठ्ठी निघाली नाही. शोभा तीन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि बोरकुटेजींचं नाव घरात काढायची सोय राहिली नाही.

पंधरा दिवसांनी सोसायटीचं पत्र आलं. एका सभासदानं आपला प्लॉट परत केला होता, तो मला मिळत होता. बेचाळीस नंबर. उंचावरचा, कोपऱ्याचा. कोण सभासद, ते गावंडे मास्तरांनी सांगितलं नाही. "त्यायनं सांगू नका म्हटलं," एवढंच.

पुढच्या वर्षी घर झालं. वास्तुपूजनाला बोरकुटेजी इस्त्रीचा सदरा घालून आले. बसले नाहीत. खोल्यांतून फिरत राहिले, भिंतींना हात लावून. शोभा पाणी घेऊन गेली तर म्हणाले, "सैपाकघर पूर्वेले काढलं, चांगलं केलं वं बाई. सकाळचं ऊन येईल." मग खिशातून घडी घातलेला एक कागद काढून त्यांनी तिच्या हातात ठेवला. "वाढवसान कधी घर, तं कामी येईल."

घड्यांवर फाटत आलेला, एका घराचा जुना नकाशा होता. कोपऱ्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, प्लॉट नंबर बेचाळीस. तेही सोसायटीचे सभासद होते, हे मला ठाऊकच नव्हतं.

शोभा नकाशा मांडीवर पसरून पाटावर बसली. मी तिच्या खांद्यावरून नकाशा पाहिला. कचेरीत हा माणूस रेघेपलीकडे काही काढायचा नाही. इथं त्यांनी दारातलं पायपुसणंसुद्धा काढलं होतं. स्वतःची खोली एवढीशी, एक खाट आणि एक कंदील. आणि घराचा निम्मा भाग व्यापून एक मोठी खोली. तिच्यात चार खाटा, चार उशा, भिंतीला टोप्या अडकवायच्या खुंट्या. वर लिहिलं होतं, पाहुण्यांसाठी.

एवढ्या वर्षांत ह्यांच्याकडे कोणी आल्याचं मी ऐकलं नव्हतं. इतवारीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत मी स्वतः एकदाही गेलो नव्हतो.

"कोण येणार होतं, भाऊजी?" शोभानं विचारलं.

बोरकुटेजी खिडकीबाहेर बघत होते. "ते काही ठरलं नव्हतं," ते म्हणाले.

पंगत बसली. शोभानं त्यांना आग्रह करकरून वाढलं आणि ते खाली मान घालून जेवले. निघताना ते चपला घालत होते तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "रविवारी जेवायले या. दर रविवारी."

त्यांनी एक चप्पल घातली होती, दुसरी हातात होती. तसेच उभे राहिले.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.