व्याही पळतात

ईमेलला उत्तर मी स्वतःच द्यायचं ठरवलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

हेन्नाने, म्हणजे आमच्या मुलीने, फोनवर बजावलं होतं, "बाबा, ओवेनच्या आईकडून काही आलं तर मला पाठवा. मी भाषांतर करून देते. तुम्ही काही करू नका." हेन्ना सहा वर्षं वेल्समध्ये आहे. तिथल्याच ओवेनशी तिचं सप्टेंबरात लग्न, आणि त्याआधी तिचे होणारे सासू-सासरे ऑगस्टात चार दिवस आमच्या तळ्याकाठच्या घरी येणार होते. पहिलीच भेट. मुलगी बापाला "काही करू नका" म्हणाली की बापाला काहीतरी करावंसं वाटतंच. शिवाय मी कुओपिओच्या भूमापन कचेरीत एकतीस वर्षं कारकून आहे. परदेशी पत्रं मला नवीन नाहीत. (दोन आली. दोन्ही चुकून.)

विहीणबाईंचं नाव मेगन. त्यांच्या ईमेलात सगळी भिस्त 'रन' या एका शब्दावर होती. त्यांच्या नवऱ्याबद्दल, ग्विनबद्दल, तीन वाक्यं, आणि तिन्हीत रन. मी शाळेतला जुना इंग्रजी-फिन्निश शब्दकोश काढला. रनखाली दीड रकाना फिन्निश शब्द होते. पहिला 'युओस्ता', म्हणजे पळणे. दीड रकान्यातला पहिलाच शब्द जमतोय म्हटल्यावर शहाणा माणूस पुढं कशाला वाचेल? मी कोश मिटला.

"काय लिहितायत?" माझी बायको रित्वा बटाटे सोलत होती.

"व्याही पळतात."

"कुठं?"

"पहिलं वाक्य, ग्विन रन्स अ होम फॉर ओल्ड पीपल. म्हाताऱ्या आईबापांसाठी रोज पळत घरी जातो. दुसरं, ही रॅन फॉर द काउन्सिल, ट्वाइस. नगरपालिकेतर्फे दोनदा पळलाय. आणि तिसरं, अ वीक हार्ट रन्स इन द फॅमिली. अख्खं कुटुंब दर आठवड्याला मनापासून पळतं."

रित्वाने सुरी खाली ठेवली. "हेन्नाला विचार, कालेवी."

"तिला कशाला त्रास?"

मी उत्तर धाडलं, 'व्हेरी गुड. हिअर ऑल्सो रन.' आणि दुसऱ्याच दिवशी पिर्क्कोकडे गेलो. पिर्क्को आमच्या ग्राममंडळाची अध्यक्ष. उन्हाळी जत्रेतली तळ्याला वळसा घालणारी पाच किलोमीटरची शर्यत तीच भरवते, आणि ती कधीही वेळेवर सुटत नाही. मी व्याह्यांचं नाव नोंदवलं. पिर्क्को हरखली. "परदेशी धावपटू! आपल्याकडं!" तिने सतरा नंबरच्या कापडी पट्टीवर स्वतःच्या हाताने लिहिलं, ग्विन पॅरी, वेल्स.

गुरुवारी पाहुणे आले. गाडीतून आधी एक काठी बाहेर आली, मग एक पाय, मग बऱ्याच वेळाने उरलेले ग्विन. सव्वाशे किलोला एखादाच कमी असेल.

"हे पळतात?" रित्वाने हसतमुखाने, ओठ न हलवता विचारलं.

"खेळाडूंचं असंच होतं. सराव थांबला की अंगावर बसतं."

जेवताना मी विषय काढला. "सॅटरडे, विलेज रेस. ग्विन, यू रन."

ग्विननी काटा खाली ठेवला. "मी?" छातीवर हात. मी मान डोलावली. ते मेगनकडे वळून भरभर काहीतरी बोलले, त्यांचे डोळे भरून आल्यासारखे वाटले, मग उठून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यातलं मला एवढंच कळलं, की तीस वर्षं रन केलंय, एका दिवसाचं काय घेऊन बसलात. मी रित्वाकडं विजयी नजरेने पाहिलं. ती वाटाणे मोजत होती.

शुक्रवारी दुपारी मेगन पर्स घेऊन अंगणात आली. "कालेवी, कॅन यू रन मी टू द शॉप?"

दुकान तीन किलोमीटरवर. बाई साठीच्या, पायात टाचेचे सँडल. पण दर आठवड्याला पळणारं कुटुंब, आपण कोण नाही म्हणणार? मी रबरी बुटातच पळायला सुरुवात केली. ती आधी उभी राहिली. मग आली. (गाडी रस्त्यावर लांब कुठंतरी उभी असेल असं तिला वाटलं, हे मागाहून कळलं.) सॉनासाठीचं, वाफेच्या न्हाणीचं सरपण रचलं होतं तिथवर ती पळाली, पोस्टाच्या पेट्यांपर्यंत चालली, आणि तिथं एका दगडावर बसून तिने सँडल काढले. टाच सोलली होती. ती एक शब्द बोलली नाही. आमच्याकडं याला सभ्यपणा म्हणतात, म्हणून मीही बोललो नाही.

"विहिणीला अनवाणी घरी आणलीस," रित्वा म्हणाली. "हेन्नाचं लग्न मोडलं ना, तर याद राख."

शनिवारी सकाळी आठला पिर्क्को येऊन ग्विनना गाडीतून मैदानावर घेऊन गेली. शर्यत अकराला. दहाच्या सुमारास मेगन स्वयंपाकघरात आली, हातात गोळ्यांची डबी. ग्विन ती विसरले होते. तिने रित्वाच्या हातात डबी दिली, स्वतःच्या छातीवर दोनदा थोपटलं आणि म्हणाली, "हिज वीक हार्ट." आणि आपली टाच सांभाळत बाहेर पायरीवर जाऊन बसली.

रित्वाने डबी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "कालेवी. वीक म्हणजे आठवडा, तसंच अशक्तही ना?"

"स्पेलिंगवर असतं."

"कोश आण."

तिने टेबलावर कोश उघडला आणि दीड रकान्यावर बोट ठेवलं. "युओस्ता, पळणे. हे वाचलंस. पुढं?"

"पुढं अक्षर बारीक आहे."

"योह्ताआ. चालवणे, सांभाळणे. संस्था, दुकान, वगैरे. म्हणजे ते वृद्धाश्रम चालवतात. ओल्ला एह्दोल्ला. निवडणुकीला उभं राहणे. नगरपालिकेला उभे होते ते, दोनदा." बोट खाली सरकलं. "क्युदिता. गाडीने पोचवणे." आम्ही दोघांनीही खिडकीतून पाहिलं. मेगनने टाचेवरची पट्टी सारखी करता करता आम्हाला हात केला.

"आणि हे शेवटचं. पेरिय्त्या. आनुवंशिक असणे." रित्वाने कोश मिटला. "त्यांच्या घराण्यातच हृदय कमजोर आहे, कालेवी. आणि तू त्यांना पाच किलोमीटर पळायला पाठवलंयस."

थट्टेत सांगतोय खरा, पण त्या क्षणी मला चर्च दिसलं, आणि ते लग्नासाठी सजवलेलं नव्हतं.

मी गाडी कशी हाकली ते मेगनच सांगू शकेल, शेजारी रित्वाने डोळे मिटून घेतले होते, आणि मागं मेगन डबी छातीशी धरून बसली होती. मैदानावर उतरलो तर गर्दी एकदम शांत. "ग्विन!" मी ओरडलो.

बर्चच्या झाडाखाली आरामखुर्चीत ग्विन बसले होते. गळ्यात शिट्टी, मांडीवर यादी. पोरं एका रांगेत, मोठी दुसरीत. म्हाताऱ्यांसाठी सावलीत बाकं, वळणावळणावर पाण्याची बादली, आणि कोणी आडवं झालंच तर आणायला एक हातगाडी. पिर्क्को धावत आली. "कुठून शोधलास हा माणूस? आल्या आल्या शिट्टी मागितली. वीस वर्षांत पहिल्यांदा शर्यत वेळेवर सुटतेय!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हणालो होतो 'यू रन', आणि त्यांनी ऐकलं होतं, शर्यत तुम्ही चालवा. गुरुवारी डोळे भरून आले होते ते या मानापायी. मी धपकन गवतावर बसलो. मेगनने गोळी दिली, त्यांनी ती पाण्याबरोबर घेतली, आणि मला वाटलं सुटलो.

ग्विन यादी तपासत होते. तीस वर्षं रोज रात्रीच्या जेवणाला म्हातारे मोजणारा माणूस, एक कमी पडलेला कसा चालेल? सुरुवातीच्या रेषेवर सोळा जण होते, यादीत सतरा. त्यांनी सतरावं नाव वाचलं. स्वतःचंच. मग यादीला टाचलेल्या सतरा नंबरच्या पट्टीकडे पाहिलं, मेगनच्या टाचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि असे हसायला लागले की खुर्ची करकरली. हसू आवरल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि ती पट्टी माझ्या छातीवर टाचली.

"रित्वा, माझे बूट..." मी म्हणालो.

"युओक्से," रित्वा म्हणाली. म्हणजे पळ. याला कोशात दुसरा अर्थ असला तरी तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

मी पळालो. ऑफिसच्या बुटात. तिसऱ्या किलोमीटरला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लेम्पीबाई दोन्ही हातांत काठ्या घेऊन मला ओलांडून गेल्या. जाताना "आज हवा छान आहे" म्हणाल्या. मी पोचलो तेव्हा अख्खं गाव तंबूत वाटाण्याचं सूप पीत होतं. शेवटच्या रेषेवर एकटे ग्विन होते, घड्याळ हातात. त्यांनी सेकंदासकट वेळ लिहून घेतली, आणि काठी मला दिली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. शर्यतीनंतर हेन्ना माझ्याशी तीन दिवस बोलली नव्हती, चौथ्या दिवशी फोनवर इतकी हसली की तिला बोलता येईना. लग्नात मेगनने सगळ्यांना टाच दाखवली.

स्थानिक पेपरात शर्यतीचा निकाल आला. सतरावा क्रमांक, ग्विन पॅरी, वेल्स, अठ्ठावन्न मिनिटं बारा सेकंद. ग्विननी कात्रण नेऊन आपल्या आश्रमाच्या जेवणघरात लावलंय, त्यांच्या डॉक्टरांनी म्हणे पाठ थोपटली.

परवा दुकानात पिर्क्कोचा नवरा भेटला. शर्यतीच्या दिवशी तो बाहेरगावी होता, ग्विनना त्याने रविवारी पाहिलं आणि निकाल पेपरात वाचला. "तुझे व्याही त्या तब्येतीत, काठी घेऊन पाच किलोमीटर पळाले! तू काय करत होतास रे?"

"मीच पळालो," मी म्हणालो. "ते नव्हे. मी."

त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं, दुधाचे पैसे दिले, आणि हळूच गल्ल्यावरच्या बाईला म्हणाला, "याचं इंग्रजी कच्चं होतंच. आता फिन्निशही गेलं."