अस्वल सरांचा इंग्रजीचा तास

एका जंगलात, बाळांनो, सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे इंग्रजी कुणालाच येत नव्हतं.

मग सर्कशीतून एक अस्वल परत आलं. त्याला दोनच गोष्टी येत होत्या. सायकल चालवणं आणि इज, ॲम, आर म्हणणं. जंगलात सायकल नव्हती. म्हणून त्याने इंग्रजीचा वर्ग काढला.

सिंहमहाराजांनी लगेच फर्मान सोडलं. पहारेकऱ्यांना इंग्रजी आलंच पाहिजे. नापास होईल त्याची नोकरी गेली.

तळ्याकाठी पहारा द्यायची भागू टिटवी. बिबट्या दिसला की ती ओरडून रान डोक्यावर घ्यायची आणि तळ्यावरचे सगळे वाचायचे. या कामावर तिचा फार जीव होता. बिचारी मुकाट्याने वर्गात जाऊन बसली.

"साहाय्यकारी क्रियापद म्हणजे मदतनीस," अस्वल सर म्हणाले. "त्याच्याशिवाय वाक्य लंगडं. लंगडं वाक्य माझ्या वर्गात चालणार नाही. म्हणा, इज, ॲम, आर!"

प्रत्येक शब्दाला सर एक गिरकी घेत. सवय सर्कशीतली. वर्गाला वाटलं, गिरकीही व्याकरणातच असते. सगळे गिरक्या घेऊ लागले.

एके दिवशी सरांच्या मागचं गवत हललं. भागूला ठिपके दिसले.

"सर! बिबट्या!"

"इंग्रजीत!"

"लेपर्ड!"

"लेपर्ड काय? मदतनीस कुठाय?"

भागू मदतनीस आठवू लागली. तेवढ्यात पुढे बसलेला दामू ससा उठला. हा वर्गातला सगळ्यात हुशार.

"सर, मी सांगू?" म्हणत त्याने गिरकी सुरू केली.

खड्ड्यात गेली नोकरी, असं म्हणून भागू जीव खाऊन ओरडली, "टिटीव! टिटीव!"

वर्ग उधळला. सर "आई गं" करत झाडावर चढले. दामूची गिरकी तेवढी अर्धी राहिली होती.

"द लेपर्ड इज ईटिंग मी," बिबट्याच्या जबड्यातून आवाज आला.

"शाब्बास!" सर झाडावरून म्हणाले. "मदतनीस अगदी जागच्या जागी!"

निकाल लागला. दामू पहिला आला. त्याचं पदक आईने घेतलं. ती रडत होती, पण सर म्हणाले, आनंदाने रडतेय.

भागू नापास झाली. तिची जागा दामूच्या धाकट्या भावाला मिळाली. तो आधी गिरकी घेतो, मग पूर्ण वाक्य बोलतो. भागू लांबच्या खडकावरून बघते आणि तिचा जीव तुटतो. तळ्यावर पाणी प्यायला हल्ली फारसं कुणी उरलेलं नाही.

तात्पर्य: पहारेकऱ्याला इंग्रजी यायलाच हवं. बिबट्याचंही अगदी हेच मत आहे.